पेवाचे तोंड

पंगतीतून उठताना माणसाचे वय कळते. बसताना ते लपवता येते. मांडी घालायला थोडा वेळ लागला तर धोतर सावरण्याचे निमित्त पुरते. उठताना मात्र हात आपोआप काहीतरी शोधू लागतो. काही वर्षांमागे पाथरीला नात्यातल्या एका लग्नात माझा हात असाच शोधू लागला आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर जाऊन टेकला. मला काही सांगायचे असावे असे समजून त्यांनी कान पुढे केला. सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. मी म्हणालो, "कढी चांगली झाली." त्यांनी मान डोलावली आणि मी त्यांच्या खांद्याच्या आधाराने उभा राहिलो.

समोरच्या ओळीत माझा धाकटा भाऊ जेवत होता. त्याने ते पाहिले आणि चटकन नजर पानाकडे वळवली. त्याने पाहिले याचे मला वाईट वाटले नाही. नजर वळवली याचे वाटले.

परतताना मोटारीत बायका पुढच्या बाकावर होत्या आणि तो नेहमीप्रमाणे दाराजवळ बसला. बाहेरचे शेत बघता बघता त्याने विचारले, "दादा, औंदा पेव कधी उघडायचं?"

"आखितीनंतर उघडू."

"उतरताल ना तुमी?"

"म्हणजे काय? दर साल कोण उतरतं?"

"तसं न्हाई. इचारलं आपलं," तो म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

येलदरीला धरणाचे काम सुरू झाले होते आणि आमच्या भागातली पुष्कळ माणसे तिकडे मातीकामाला जात होती, त्या सुमारास हे घडले. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. आमचे गाव वालूरच्या अलीकडचे. जमीन काळी, पण गाव बसले आहे ते पांढरीच्या उंचवट्यावर. त्या पांढऱ्या मातीत पाणी धरत नाही, म्हणून आमच्याकडे ज्वारी जमिनीखाली साठवण्याची रीत होती. मडक्याच्या आकाराचा खड्डा. पोट मोठे, गळा अरुंद. तळाला आणि कडेने कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. यालाच पेव म्हणतात. आमचे पेव वडिलांनी खणवले होते. मोटेच्या तोंडाला जे लोखंडी कडे असते, त्याच्या मापाने त्यांनी पेवाचे तोंड ठरवले होते, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. निजामाच्या अमलात धान्य वसुलीला येणाऱ्यांपासून लपवावे लागे. तोंड जितके लहान, तितके ते अंगणात झाकून जाई.

पेवात उतरण्याचे काम आमच्या घरात कर्त्या पुरुषाचे. मजुराला कधी उतरवले नाही. कोंडलेल्या हवेने माणसे गेल्याच्या गोष्टी पंचक्रोशीत होत्या, आणि वडील म्हणत, "आपल्या भाकरीसाठी दुसऱ्याचं लेकरू बिळात घालायचं न्हाई." त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आले. माझ्या मुली सासरी गेलेल्या, भावाची मुले लहान. माझ्याने झाले नाही, तर पाळी भावाची होती. आणि त्याची पाळी येणे हीच गोष्ट मला टाळायची होती.

रझाकारांच्या धामधुमीत, आम्ही बायकामुलांना घेऊन हद्दीपलीकडच्या सोयऱ्यांकडे निघालो, त्या दिवशी भाऊ शेतात मागे राहिला होता. गावात माणसे शिरल्याची ओरड ऐकून तो पळत घराकडे आला आणि रिकाम्या पेवात उतरला. आमच्या शेजारी एक धनगर राहतो, माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. त्याने वर दगड सारला, थोडी फट ठेवून त्यावर काटक्या टाकल्या आणि सारा कळप त्या जागेवर बसवून स्वतः मध्ये घोंगडी पांघरून बसला. माणसे आली, घर धुंडाळून गेली. भाऊ वाचला. पण दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढले तेव्हा तो कितीतरी वेळ कोणाशी बोलला नाही. तेव्हापासून तो थंडीतही अंगणात झोपतो, मोटारीत दाराशी बसतो, देवळाच्या गाभाऱ्यात जात नाही. घरात या गोष्टीला आम्ही "त्याला उकाडा सोसत न्हाई" एवढेच नाव ठेवले होते. पेव उघडायच्या दिवशी तो तोंडाशी बसे, दोर धरी, पण पाठ करून. आत डोकावताना मी त्याला कधी पाहिले नाही. आणि तरीही, मी थकलो म्हटले असते तर त्याने एका शब्दाने नाही न म्हणता कमरेला दोर बांधून घेतला असता, हे मला पक्के ठाऊक होते.

म्हणून मी स्वतःची परीक्षा घ्यायचे ठरवले. कोणाला कळू न देता, पहाटे, गोठ्यात.

पेवात उतरायला तीन गोष्टी लागतात. गळ्यातून जाताना अंग वळले पाहिजे. भिंतीत आलटून पालटून कोरलेल्या खोबण्यांवर एका पायावर तोल सांभाळता आला पाहिजे. आणि वर येताना हातांनी आपले वजन उचलता आले पाहिजे. गोठ्यात जुन्या मोटेचे ते कडे खुंटीला टांगलेले होते. मी ते काढले आणि त्यातून अंग काढून पाहिले. वडिलांनी शिकवले होते तसे, एक हात वर, दुसरा मांडीला, खांदा तिरका. पहिल्या प्रयत्नात जमले. मग मी गव्हाणीच्या गोल लाकडावर एका पायावर उभा राहिलो. बैलांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा वैरणीत तोंड घातले. शेवटी आढ्याला लोंबकळून हनुवटी वर नेली. ती पुरती वर गेली नाही, पण जवळपास गेली. मला आनंद झाला. पाथरीच्या पंगतीत जे झाले ते मोटारीच्या धक्क्यांमुळे झाले असावे, अशी मी समजूत करून घेतली.

एकदा सकाळी शेजारच्या धनगराने मला लाकडावर उभे असलेले पाहिले. तो चुलीसाठी चूड मागायला आला होता.

"काय गड्या, बगळा झालास का?"

"इम्तिहान घ्यायलो."

"कुणाचा?"

"माझाच."

"मंग पास होशील की लेका. मास्तर बी तूच, पोरगं बी तूच." तो विस्तव घेऊन निघाला आणि दारातून म्हणाला, "आमचा म्हातारा एडका बी असाच उभा ऱ्हातो. पर त्याला चार पाय हायत."

मी हसलो. त्याच्या बोलण्यातले खरे मात्र कानाआड केले. मी उजव्याच पायावर उभा राहत होतो. डावा गुडघा दुखतो, म्हणून त्याची परीक्षा उद्यावर टाकत होतो. पहाटेच्या गारव्यात, रात्रभर विसावलेल्या अंगाने, मला हवे तेव्हा थांबता येईल अशा बेताने मी स्वतःला प्रश्न घालत होतो. माणूस स्वतःशी फार सौम्य असतो.

कड्याचेही असेच झाले. एका पहाटे मी त्यात अडकलो. गडबडीत हात वर घ्यायचा राहिला आणि कडे दोन्ही दंडांवर बसले. वर जाईना, खाली येईना. तेवढ्यात बायको धार काढायला आली. तिने चरवी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"काय करायलाव?"

"कडं बघायलो. गंज चढलाय."

"अंगात घालून बघायलाव?"

ती जवळ आली. "श्वास सोडा. सोडा की, छाती कशाला फुगवायलाव? आता उजवा हात वर. कानाला लावा. खांदा दाराकडं फिरवा. डावा मांडीशी घट्ट." तिने कडे धरून वर ओढले आणि मी मोकळा झालो. दंडावर गंजाचा तांबूस वळ उठला होता. तिने तो पदराने पुसला.

"मामंजींच्या मापाचं कडं हाय हे," ती म्हणाली. "तुमच्या मापाचं न्हाई राहिलं."

"जमतंय मला. आज गडबड झाली."

"भावजींशी बोला एकदा."

"काय बोलू?"

"जे हाय ते. त्यांचं त्यांना ठाऊक हाय, तुमचं तुमाला ठाऊक हाय, आन दोघंबी मुके."

"त्याला उगाच घोर लागंल."

"त्यांना घोर लागलाय म्हणूनच मोटारीत इचारलं त्यांनी," ती म्हणाली आणि म्हशीपाशी जाऊन बसली. धारेचा आवाज सुरू झाल्यावर मला वाटले की बोलणे संपले. मी कडे खुंटीला टांगले.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि पेव उघडले. एक दिवस आतली वाफ जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोराला कंदील बांधून सोडला. ज्योत स्थिर राहिली. भावाने मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, माझ्या कमरेला बांधला. गाठ बांधताना त्याची बोटे थंड लागली. बायको आणि भावजय टोपल्या ओतून घ्यायला, धनगर आणि भाऊ नाड्यावर. मी हात वर करून गळ्यातून सरकलो आणि अलगद आत उतरलो. उतरताना कसलाच त्रास झाला नाही, आणि त्याचे कारण माझ्या अंगाची चपळता नव्हती. पेव भरलेले असते तेव्हा धान्य तोंडाजवळ असते. उतरणारा जवळजवळ वरच उभा असतो. जसजशी ज्वारी वर जाते, तसतसा माणूस खाली जातो. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. पण इतर वर्षी मी मध्ये दोनदा तरी वर येऊन पाणी पीत असे. त्या दिवशी आलो नाही. वर गेलो तर पुन्हा उतरताना कोणी "राहू द्या" म्हणेल, अशी भीती होती.

पेवात माणूस असताना वरच्यांनी बोलत राहायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. आतल्याने ओ दिली पाहिजे. ओ थांबली की काही न विचारता दोर ओढायचा. आणि "बरा हायस का" असे कधी विचारायचे नाही. बरा आहे असे कोणीही म्हणतो. आठवायला लागेल असे काही विचारायचे, म्हणजे डोके ठिकाणावर आहे का ते समजते. एरवी कोणी कोणाला जे विचारत नाही, ते त्या दिवशी विचारले जाते.

धनगराने सुरुवात केली. "सांग गड्या, तुझ्या वरातीत घोडं कुणाचं होतं?"

"घोडं नव्हतं. गाडी होती."

"आन बैल?"

"एक आमचा, एक तुझ्या मामाचा. तुझ्या मामाचा बसला वाटंत."

"डोकं जाग्यावर हाय ह्याचं. भर टोपली."

भावजय माझ्याशी समोरून बोलत नसे. ती माझ्या बायकोला म्हणाली, "जाऊबाई, मोठ्या भावजींना इचारा, मागल्या दिवाळीत अनारसे कुणाचे इस्कटले?"

"दोघींचे," मी खालून म्हणालो, आणि वर हशा पिकला.

भाऊ पाठ करून बसला असणार. त्याचा आवाज सरळ खाली न येता कुठूनतरी वळून येई. "दादा, आजोळी आंब्याखाली आपण काय पुरलं होतं?"

"तुझा दात."

"कामून?"

"सोन्याचं झाड येतंय म्हणून सांगितलं होतं मी तुला."

"आलं का?"

"तूच बघ जाऊन."

ज्वारी उतरत गेली. आतली हवा कंदिलाला पुरेशी होती, पण उबट होती; मुरलेल्या धान्याचा तो वास डोळ्यांत चढतो. उकिडवे बसून टोपल्या भरता भरता डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. मी पाय बदलला. मग उजव्यालाही आल्या. तळाचा कडबा दिसू लागला आणि शेवटची टोपली वर गेली, तेव्हा तोंडाचा गोल उजेड माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होता.

"निघालाव का, दादा?" भावाने विचारले.

"निघालो," मी म्हणालो.

मी पहिल्या खोबणीत डावा पाय घातला. खोबण्या ठरलेल्या क्रमाने आहेत. सुरुवात डाव्यानेच करावी लागते. गव्हाणीच्या लाकडावर मी ज्याला कधी उभे केले नव्हते, त्या पायाने माझे वजन घेतले नाही. मी घसरून कडब्यावर बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. हात भिंतीला लावले तर बोटे मिटेनात.

"काय करायलाव, दादा?"

"कोपरे झाडायलो," मी खणखणीत आवाजात सांगितले.

"सांग गड्या," धनगर म्हणाला, "आपल्या मदरशात मास्तरची छडी कशाची होती?"

"तुरीची."

"आन खाल्ली कुणी जास्ती?"

"तू."

माझी उत्तरे अचूक जात होती. आवाजात जेवढे बळ होते तेवढे मी आवाजात घातले, आणि वरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला. आमच्या रीतीत आवाज तपासला जातो, पाय कोणी तपासत नाही. मी तसाच थोडा वेळ बसलो असतो, पाणी मागितले असते, पाय दुखतात म्हणालो असतो, तर काहीच बिघडले नसते. पण भावाचा आवाज वरून पुन्हा आला, "निघताव का?" आणि त्या आवाजात मला थरथर जाणवली. मी म्हणालो, "ओढा."

त्यांनी ओढले. मी लोंबकळत वर गेलो आणि गळ्याशी आलो. तिथे हात वर घ्यायला हवा होता. दोन्ही हात पोटाशी नाडा धरून होते, आणि ते सोडण्याचे भान येण्याआधीच माझे खांदे गळ्यात शिरून पाचरीसारखे बसले. छाती दाबली गेली. मला ओरडायचे होते, श्वासच नव्हता.

"दादा?" भाऊ म्हणाला.

मला ओ देता आली नाही.

ओ थांबली की दोर ओढायचा. त्यांनी ओढला, जीव खाऊन ओढला, कारण तशीच रीत होती. जितके ओढत, तितका मी अधिक घट्ट बसत होतो. डोळ्यांपुढे तांबडे दिसू लागले. वरचे सर्व आवाज दूर गेले. मग अचानक माझ्या तोंडावरचा उजेड गेला. मला वाटले, संपले. पण उजेड भावाच्या डोक्याने अडवला होता. तो वळला होता. तो आत बघत होता.

"ढील," तो ओरडला. "ओढू नका. ढील द्या. फसलेत ते."

नाडा सैल झाला आणि मी वीतभर खाली आलो. श्वास आला. वर काय चालले होते ते मला नंतर कळले. धनगराने नाडा गोठ्याच्या खांबाला वळसा देऊन धरला. भाऊ पोटावर पालथा पडला. बायको आणि भावजय त्याच्या पायांवर बसल्या. आणि तो डोके खाली करून, कमरेपर्यंत त्या गळ्यात शिरला. मला दिसले ते एवढेच, की अंधारातून दोन हात खाली आले आणि माझे मनगट चाचपू लागले. हात गार होते आणि घामाने भिजले होते. तो मोठ्याने, तोंडाने श्वास घेत होता. वरून बायकोचा आवाज आला, अगदी गोठ्यातल्यासारखा, शांत:

"भावजी, उजवा हात वर घ्या त्यांचा. कानाला लावा. खांदा दाराकडं फिरवा. अहो, ऐकायलाव का? श्वास सोडा. छाती फुगवू नका."

मी श्वास सोडला. त्याने माझा हात ओढून त्याच्या गालाजवळून वर नेला. आमची डोकी एकमेकांना लागली. तो काहीतरी पुटपुटत होता. ते माझ्यासाठी होते की त्याच्या स्वतःसाठी, मला समजले नाही. "झालं, झालं, आलाच उजेड," असे काहीसे. मग बायांनी त्याला मागे ओढले, धनगराने नाडा हळूहळू घेतला, आणि मी खांदा तिरका करून, गळ्याच्या कडेला पाठ खरवडत, बाहेर आलो.

मला लिंबाखाली घोंगडीवर निजवले. भाऊ थोड्या अंतरावर जाऊन ओकला. भावजय त्याला पाणी देऊ लागली तर त्याने तांब्या डोक्यावर ओतून घेतला. मग तो माझ्यापाशी येऊन बसला. त्याच्या केसांत, भुवयांत ज्वारीची धूळ होती.

"तोच वास हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, गेला असंल."

धनगर नाडा गुंडाळत होता. तो म्हणाला, "ह्या भामट्यानं गव्हाणीवर उभा राहून इम्तिहान दिला महिनाभर. पास झालता."

"ठाऊक हाय मला," भाऊ म्हणाला. "अंगणातून गोठा दिसतो."

तो अंगणात झोपतो हे मी विसरलो होतो. रोज पहाटे तो मला पाहत होता. कड्यातून सरकताना, लाकडावर डोलताना, आढ्याला लोंबकळताना. आणि तो काय मनात आणत असेल? हा घसरला की माझी पाळी. त्याने मला थांबवले नाही, मी त्याला विचारले नाही.

त्या दुपारी पाठीला हळद लावून पालथा पडलो असताना मी स्वतःला तो प्रश्न घातला, जो पहाटेच्या परीक्षेत टाळत आलो होतो. मी हे सारे भावासाठी केले का? मला तसे म्हणायला आवडले असते, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. पण सगळे खरेही नव्हते. त्याची भीती माझ्या कामाची होती. ती होती तोवर मी लागत होतो. पंगतीतून उठायला दुसऱ्याचा खांदा लागणाऱ्या माणसाला पेवाच्या तळाशी एक जागा होती, जिथे दुसरा कोणी येऊ शकत नव्हता. तो बरा व्हावा असे मी कधी मनापासून इच्छिले होते का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

संध्याकाळी मी त्याला जवळ बोलावले.

"पुढल्या साली माझ्यानं व्हायचं न्हाई," मी म्हणालो. "डावा पाय गेलाय. आज न्हाई, लय दिवसांपासून."

मला भीती वाटली की तो आता "मी उतरतो" म्हणेल. तो म्हणाला, "माझ्यानं बी व्हायचं न्हाई, दादा. आज झालं ते झालं."

"बरं."

"पर तोंड एवढं बारीक कशाला पायजे?" तो म्हणाला. "आता कुणापासून लपवायचंय?"

वसुलीवाले गेले होते, रझाकार गेले होते, निजामाचे राज्य जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. आणि आम्ही दोघे भाऊ मोटेच्या त्या कड्याचे माप सांभाळत बसलो होतो. एक त्यातून जाता यावे म्हणून, दुसरा जावे लागू नये म्हणून.

"वडलांनी केलेलं हाय," मी म्हणालो.

"वडील बारीक होते," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

पावसाळ्याआधी भावाने स्वतः गळा फोडला. वरून, उघड्यावर बसून, पहारीने. मी बाजूला बसून फुटलेली माती मागे ओढत होतो. प्रत्येक ढेकळाबरोबर आत उजेड पसरत गेला आणि शेवटी तळाचा कडबा लख्ख दिसू लागला. पहार ठेवून त्याने आत पाहिले. बराच वेळ पाहिले.

"एवढंच हाय होय हे," तो म्हणाला.

मोठ्या तोंडाला मोठे झाकण लागले. लाकडी फळ्यांचे करवून त्यावर माती लिंपली. त्या वर्षी कडेची थोडी ज्वारी काळी पडली, कारण ओल शिरली. वडील असते तर बोलले असते. ती आम्ही गुरांना घातली.

पुढच्या उन्हाळ्यात पेव उघडले तेव्हा भावाने शिडी आणली. तो उतरणार आहे असे त्याने कोणाला सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नाही. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, वर पाहिले, मग आणखी उतरला. नाडा धनगराच्या हातात होता. मी तोंडाशी पाट टाकून बसलो, आत तोंड करून, त्याला मी दिसेन असा. त्याच्या खांद्यावर ऊन पडले होते. त्याचा चेहरा पांढरा झाला होता, पण टोपली भरत होता.

विचारायची पाळी माझी होती. मी जुने काहीतरी आठवू लागलो, आजोळचे, आंब्याचे. तेवढ्यात त्यानेच खालून विचारले. रीत मोडूनच विचारले.

"दादा, पाय कसे हायत?"

"दुखायलेत," मी म्हणालो. "तुझं कसं हाय?"

"भ्याव वाटायलंय."

"वर येतोस का?"

"न्हाई. ही एक टोपली होऊ द्या." त्याने ज्वारीत हात घातला. "तुमी बसा तिथंच. बोलत ऱ्हावा."